तोक्यो, कोथरूड आणि मधला निर्णय: परतलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

परदेशात राहिलेल्या माणसांच्या गप्पांत दोन देशांची तुलना ठरलेल्या वाटेने जाते. तिकडे गाड्या वेळेवर, इकडे पोळ्यांना बाई. तिकडे शिस्त, इकडे आपली माणसं. या प्रकरणातल्या कुटुंबानेही तीच तुलना केली, कागदावर तक्ता आखून केली, गुणसुद्धा दिले. प्रत्यक्ष ठरवायची वेळ आली तेव्हा तो तक्ता फारसा कामाला आला नाही. तो का आला नाही आणि त्याच्या जागी काय आलं, हे नीट मांडून ठेवावंसं वाटलं.

कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घरातल्या मुलीच्या नात्यानेच सगळ्यांना ओळखू: आई, बाबा, आजी. बाबा एकेकाळी पुण्यात माझ्याकडे जपानी शिकायला येत, तेव्हापासूनचा परिचय.

पार्श्वभूमी

बाबा मे २०१३ मध्ये एका आयटी कंपनीच्या कामासाठी तोक्योला गेले. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू, म्हणजे वरून दुसरी, पातळी त्यांनी पुण्यातच पार केली होती, त्यामुळे पहिल्या दिवसापासून बँकेत, वॉर्ड ऑफिसात त्यांचं अडलं नाही. आई २०१४ च्या जूनमध्ये गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथेच मुलगी झाली. जपानमध्ये नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. मुलीचा पासपोर्ट भारतीय.

घर एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत. तोझाई मार्गावरचं हे स्टेशन, ओतेमाचीच्या कचेऱ्यांपर्यंत गाडीने वीसेक मिनिटं. २००० सालच्या संगणकबदलाच्या कामासाठी भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येने आले, तेव्हापासून ही वस्ती वाढत गेली. त्यामागे एक अगदी व्यवहारी कारण होतं. तिथे भाड्याने घर घेताना घरमालकाला परत न मिळणारी रक्कम, म्हणजे ‘रेइकिन’, द्यायची चाल आहे आणि जामीनदारही लागतो. यूआर या निमसरकारी संस्थेच्या घरांना या दोन्ही गोष्टी लागत नाहीत, आणि निशी-कासाईच्या आसपास अशी घरं भरपूर. आज तिथे तूरडाळीपासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या परिषदेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, ही बातमी मराठी वाचकांना आठवत असेल.

२०१८ मध्ये या कुटुंबाला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला. शिक्षण, पगार, वय, भाषा यांचे गुण मोजून ऐंशीच्या वर गेले तर वर्षभराच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो, ही सवलत २०१७ मध्ये आली होती. अर्ज मंजूर झाला त्या दिवशी बाबांनी पेढे वाटले. त्या परवान्याने एक दार बंदही केलं, हे कळायला पाच वर्षं गेली. त्याबद्दल पुढे.

जुलै २०२० मध्ये पुण्यात आजोबा गेले. भारतातून जाणारी-येणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमानं मार्चपासून बंद होती. जपाननेही भारतातून येणाऱ्यांना दार लावलं होतं, आणि त्यात कायम वास्तव्यवालेसुद्धा आले. कुटुंबातल्या मृत्यूसाठी सूट होती, पण तिचे कागद जमवून, विशेष विमानाची जागा मिळवून पोचेपर्यंत दहावं-बारावं उलटून गेलं असतं. बाबांनी वैकुंठ स्मशानभूमीतले विधी फोनच्या पडद्यावर पाहिले. पुढच्या प्रत्येक चर्चेत ही घटना खोलीत बसलेली होती, कुणी नाव काढो वा न काढो.

तोक्योतला दिवस

२०२१ च्या एप्रिलमध्ये मुलगी पहिलीत गेली. पर्याय दोन होते. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तोक्योत २००४ पासून आहेत. परत जायचं असेल तर त्या सोयीच्या, पण फी मोठी. दुसरी, चालत जाण्याच्या अंतरावरची वॉर्डाची सरकारी शाळा. परदेशी मुलांना तिथे सक्ती नाही, पण अर्ज केला की प्रवेश मिळतो आणि शिक्षण मोफत. आई-बाबांनी सरकारी शाळा निवडली. ‘इथे राहायचं तर इथलंच शिकू दे,’ हे आईचं म्हणणं. निर्णय चांगला होता असं माझं मत आहे. त्याची किंमत पुढे पुण्यात मोजावी लागली, तरीही.

मुलीचा दिवस असा. सकाळी आठच्या आधी पाठीवर टणक रांदोसेरू दप्तर, त्याला ओढली की कर्कश वाजणारी धोक्याची घंटी, पहिल्या वर्षी डोक्यावर पिवळी टोपी. पोचवायला कुणी नाही. चौकात झेंडा घेतलेले आजोबा उभे असतात, ते रस्ता ओलांडून देतात. शाळेत दुपारी मुलंच पांढरे एप्रन घालून वर्गात जेवण वाढतात, मग वर्ग झाडून पुसून काढतात. शाळेनंतर एदोगावाच्या ‘सुकुसुकु स्कूल’मध्ये खेळ. संध्याकाळी वॉर्डाच्या भोंग्यावर एक संथ चाल वाजते. ती वाजली की मुलांनी घराकडे निघायचं. दुसरीपासून ती स्वतः किल्लीने दार उघडून घरात येऊ लागली.

जेवणाची मात्र कटकट होती. घरात अंडी-चिकन चालतं, गाय-डुक्कर नाही. शाळेची आहारतज्ज्ञ महिन्याचा तक्ता आधी पाठवायची. त्यात पोर्क असलेल्या दिवशी आई शक्य तितका तसाच दिसणारा पदार्थ डब्यात द्यायची, म्हणजे पोरीचं ताट वेगळं दिसायला नको. मुगाच्या वड्यांना मांसाच्या गोळ्यांचा आकार देण्यात ती तरबेज झाली होती.

आईची नोकरी ओतेमाचीला. घरकाम सगळं दोघांनी मिळून, म्हणजे खरं तर सत्तर टक्के तिने. जळणारा कचरा कुठल्या वारी, बाटल्या-डबे कुठल्या वारी, सकाळी आठच्या आत खाली ठेवायचं. तिच्या मदतीला कुणी नव्हतं, आणि तिच्या कामात डोकावायलाही कुणी नव्हतं. ही दुसरी बाजू तिने मला एकदाच बोलून दाखवली, तीही हसत.

शेजार म्हणजे लिफ्टमधलं वाकून अभिवादन. मुलगी चालायला लागली तेव्हा खालच्या मजल्यावरून आवाजाची तक्रार आली. तक्रार करणाऱ्याचं नाव कधीच कळलं नाही, फक्त पेटीत छापील सूचना. मग घरभर जाड गालिचे आणि मुलीला सवय: घरात टाचा न टेकवता चालायचं.

जपान म्हणजे निर्धोक, असंही नाही. एदोगावाचा जवळपास सत्तर टक्के भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने घरोघर जो पूर-नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर याच भागाकडे बोट दाखवून ‘इथे थांबू नका’ अशी सूचना छापली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या वादळात हे कुटुंब एक रात्र शाळेच्या वरच्या मजल्यावर झोपलं. कुठे जायचं, काय न्यायचं, हे सगळं त्या नकाशात होतं. कुणाला फोन करावा लागला नाही.

अडचण

नोव्हेंबर २०२३. कोथरूडला आजी न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याहत्तर. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली होती, सोसायटीच्या वॉचमनने दुसऱ्या शेजाऱ्याची गाडी काढायला लावली, आणि तासाभरात त्या रुग्णालयात होत्या. तोक्योत बाबांना कळलं तेव्हा एक्स-रेसुद्धा झाला होता. बाबा मुंबईमार्गे पोचले ते ऑपरेशन झाल्यावर.

तीन आठवडे ते राहिले. ब्यूरोतून चोवीस तासांची बाई लावली, कमोडला धरायला दांडे बसवून घेतले, फिजिओथेरपी सुरू केली आणि परत गेले. आत्या नाशिकला, तिचा स्वतःचा संसार आणि तिच्या सासूचं आजारपण. ब्यूरोची पहिली बाई दहा दिवसांत गेली, दुसरी फोनवरच असायची, तिसरीशी आजींचं पटेना. तोक्योत रात्रीचे साडेअकरा म्हणजे पुण्यात आठ; दोघं नवरा-बायको रोज त्या वेळी फोनवर बाईची समजूत काढत बसलेले.

वर वर पाहता अडचण म्हणजे ‘आजींना कोण बघणार’. पण त्याखाली आणखी दोन होत्या. आपण तिथे कायमचे आहोत की नाही, हा प्रश्न त्यांनी दहा वर्षं टाळला होता. आणि आजींना काय हवंय, हे कुणीच विचारलं नव्हतं.

पर्याय

पहिला विचार आजींना तोक्योला नेण्याचा. आणि इथेच ते बंद दार समोर आलं. जपानमध्ये नोकरदार परदेशी माणसाला आई-वडिलांना कायम सोबत ठेवण्यासाठी सरसकट व्हिसा नाही. गुणांवर आलेल्या उच्च-कौशल्य वर्गाला एक सवलत आहे: कुटुंबाचं उत्पन्न ८० लाख येनच्या वर असेल आणि घरात सात वर्षांखालचं मूल असेल किंवा गरोदरपण असेल, तर आजी-आजोबांना बोलावता येतं. म्हणजे तेही नातवंडं सांभाळण्यासाठी; म्हातारपणी त्यांना सांभाळण्यासाठी नाही. कायम वास्तव्याचा परवाना घेतला की माणूस त्या वर्गातून बाहेर पडतो आणि सवलत जाते. मुलगी तर सातच्या पुढे गेलीच होती. एकट्या, वृद्ध पालकाला कधी विशेष बाब म्हणून राहू देतात, पण ते सर्वस्वी अधिकाऱ्यांच्या विचारावर, आणि भारतात दुसरं अपत्य असताना ती आशा धरण्यात अर्थ नव्हता. उरला नव्वद दिवसांचा भेटीचा व्हिसा. मोडलेल्या खुब्याने.

दुसरा: आजी पुण्यातच, चांगली बाई मिळेपर्यंत आत्याने येऊन-जाऊन बघायचं, बाबांनी दर तीन महिन्यांनी यायचं. खर्चाचा प्रश्न नव्हता. पण ब्यूरोच्या बाईवर लक्ष ठेवायला घरचं माणूस लागतं, हे एव्हाना कळून चुकलं होतं.

तिसरा: बाबांनी एकट्याने परतायचं, आई आणि मुलगी तोक्योत. हा पर्याय आईने स्वतः मांडला होता. बाबांनी ऐकून घेतला आणि त्यावर पुन्हा चर्चा केली नाही. मला वाटतं, त्यावर आणखी बोलायला हवं होतं. सगळे पर्याय समोर असले की निर्णय झाल्यावर मनात राहून जाणारं ओझं कमी होतं.

चौथा: आजींनी ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत जायचं. पुण्यात अशा वसाहती बऱ्याच आहेत आणि आजींच्या भिशीतल्या दोन मैत्रिणी तिथे राहायलाही गेल्या होत्या. बाबांनी हा पर्याय तोंडातूनही काढू दिला नाही.

पाचवा: सगळ्यांनी परतायचं.

निर्णय कसा झाला

इथे तो तक्ता. डाव्या रकान्यात आरोग्यसेवा, सुरक्षितता, हवा, शिक्षण, पगार, नातेवाईक, सण, घरकामाची मदत, प्रवास. वर ‘तोक्यो’ आणि ‘पुणे’. प्रत्येकाला दहापैकी गुण. बाबा इंजिनिअर. बेरीज तोक्योकडे झुकली, आणि दोघांनाही ती खरी वाटेना. मग बाबांनी नातेवाइकांचं वजन दुप्पट केलं. तेव्हा ती पुण्याकडे झुकली. हे त्यांनी मला पाठवलं तेव्हा मी विचारलं की नक्की कोणासाठी हे गुण. आरोग्यसेवा कोणाची, आजींची की मुलीची? सुरक्षितता म्हणजे चोरी, भूकंप की रस्ता ओलांडणं?

वळण आणलं ते आईने. तिने तक्ता बाजूला ठेवला आणि चार कागदांवर चौघांचा एकेक साधा मंगळवार लिहायला घेतला, सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत, आधी तोक्योतला आणि मग पुण्यातला. तोक्योतले तीन दिवस अर्ध्या तासात लिहून झाले. पुण्याकडचे लिहिता येईनात. अकरा वर्षांत ते पुण्याला जात होते डिसेंबरात किंवा ऑगस्टमध्ये, पाहुणे म्हणून: बेडेकरांची मिसळ, लक्ष्मी रोड, दोन लग्नं, एक डेंटिस्ट. त्या वर्षांत पुण्यातला कामाचा मंगळवार त्यांच्यापैकी कुणीच जगलेलं नव्हतं. मुलीच्या कागदावर ‘शाळा’ आणि ‘घर’ याच्यामधल्या जागेत काय लिहायचं, हे कुणालाच सुचलं नाही. आजींचा कागद फोनवरून आत्याने भरला.

त्या कागदांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. तोक्योत दिवस चालतो तो आधी छापलेल्या व्यवस्थेवर. ती समजून घेतली, पाळली, की माणसाची गरज पडत नाही. पुण्यात दिवस चालतो तो माणसांवर, आणि ती माणसं रोज सांभाळावी लागतात. आजींच्या दिवसाला माणसं हवी होती. मुलीच्या दिवसाला व्यवस्था मानवली होती. दोघींचं एकाच शहरात भागणार नव्हतं, आणि आजी जाऊ शकत नव्हत्या. निर्णय मग गुणांवर झाला नाही. कोणाला हलवणं शक्य आहे, यावर झाला.

आजींना जानेवारीत कळवलं. त्या गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “या. पण माझ्यासाठी आलात असं कुणाला सांगू नका. मलासुद्धा नाही.”

केलेल्या गोष्टी

तारीख ठरवताना जपानी शाळेचं वर्ष मार्चअखेर संपतं, हे धरून चालले. तिसरी पूर्ण करून मुलगी निघाली. वर्गाने निरोपाची वही दिली.

कागदपत्रांचं काम आईने केलं आणि उत्तम केलं. पुनःप्रवेशाचा परवाना पाच वर्षांचा घेतला. विमानतळावर खूण करून मिळणारी साधी सवलत फक्त एका वर्षाची असते, आणि तिच्या भरवशावर राहून कायम वास्तव्याचा परवाना गमावलेली माणसं आहेत. रहिवासी ओळखपत्राची मुदत २०२५ मध्ये संपत होती. परदेशात असणार हे कारण दाखवून दोघांनी ते निघण्याआधीच नवं करून घेतलं. पेन्शनमध्ये बाबांची दहा वर्षं पूर्ण होती, म्हणजे म्हातारपणी हक्क पक्का. आईची दहाला थोडी कमी पडत होती. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर एकरकमी पैसे मिळतात, पण जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हिशोबाने, आणि मग तो सगळा काळ खात्यातून पुसला जातो. भारत आणि जपानमधला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. दोन्हीकडचा काळ हक्कासाठी एकत्र धरता येतो. लग्नाआधी पुण्यात तिचा पीएफ कापला गेला होताच. तिने रक्कम घेतली नाही.

येनमधली बचत लगेच आणली नाही, हेही ठीक झालं. २०२० च्या सुमारास शंभर येनला सत्तर रुपये येत, २०२४ च्या मार्चमध्ये पंचावन्नच्या आसपास. परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं प्राप्तिकराच्या दृष्टीने माणूस ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ या वर्गात बसू शकतो, आणि परदेशातल्या व्याजावर इथे कर लागत नाही. त्यामुळे घाई नव्हती.

बाबांनी नोकरी निवडताना हिंजवडीला थेट नकार दिला. पगार कमी घेतला, पण ऑफिस येरवड्याच्या बाजूला. वनाज ते रामवाडी मेट्रो ६ मार्च २०२४ ला पूर्ण झाली होती. कोथरूडहून वनाजला रिक्षा, पुढे मेट्रो. त्यांचा मंगळवार जवळजवळ तोक्योसारखाच राहिला. चौघांत सर्वांत कमी बदल त्यांच्या दिवसात झाला, हे त्यांच्या लक्षात यायला सहा महिने लागले. आईच्या लक्षात ते पहिल्याच आठवड्यात आलं होतं.

शाळेची निवड अडखळली. मुलगी मराठी छान बोलायची, जपानी वयाला साजेसं वाचायची, तिसरीपर्यंतच्या ४४० कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरं, तिला येत होत्या. इंग्रजी मात्र नावापुरतं. तिथल्या सरकारी शाळेत ते तिसरीपासून खेळ-गाण्यांतून सुरू होतं. तरीही आई-बाबांनी एप्रिलमध्ये सीबीएसईच्या इंग्रजी माध्यमात चौथीला घातलं, ‘पुढे कुठेही जावं लागलं तर’ या विचाराने. सहा-सात आठवडे ती वर्गात गप्प बसून राहिली. गणित येत होतं, गणिताचा प्रश्न वाचता येत नव्हता. आजी म्हणाल्या, “पोरीला मराठी येतं ना? मग शाळा मराठीच का नाही?” राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, म्हणून वर्ष वाया न घालवता बदल करता आला. कर्वे रस्त्याजवळच्या मराठी शाळेत सेमी-इंग्रजीला प्रवेश मिळाला. फुकट गेली ती सीबीएसईची प्रवेश फी.

परिणाम

आजी काठी घेऊन चालतात, सोसायटीत दोन फेऱ्या मारतात. ब्यूरोची बाई दिवसपाळीची ठेवली आहे. घरात माणूस आहे म्हटल्यावर ती टिकली. या आघाडीवर निर्णय सफळ झाला, त्यात शंका नाही.

मुलीचं देवनागरी वाचन दिवाळीपर्यंत वर्गाच्या बरोबरीला आलं, पाढे मात्र अजून डोकेदुखी. तिकडे नवाच्या पुढे पाढा नाही. पण भाषेची चिंता करणारे सगळे चुकीच्या ठिकाणी बघत होते. ऑगस्टमध्ये ती आईला म्हणाली, “मी इथे कुठेच जात नाही. मला नेतात.” व्हॅनवाले काका फाटकातून उचलतात, फाटकात सोडतात. स्टेशनरीचं दुकान दोनशे पावलांवर, पण मध्ये पौड रस्ता. तोक्योत सहाव्या वर्षी मिळालेली मोकळीक नवव्या वर्षी गेली होती. घरात ती कितीतरी दिवस टाचा उचलूनच चालत होती. “अगं, नाच घरभर, खालच्या वैद्यकाकू काही म्हणत नाहीत,” असं आजी सांगायच्या. एकीकडे मोकळीक मिळाली, दुसरीकडे गेली. तक्त्यात यातलं काहीच नव्हतं.

यावर उपाय घरातूनच निघाला. मोठा रस्ता न ओलांडता जाता येईल असा एक टप्पा बाबांनी तिच्यासोबत चालून ठरवला: वाचनालय, किराणा, आजींच्या मैत्रिणीचं घर. त्यातलं एक काम रोज तिचं. संध्याकाळी आजींना फिरवून आणणं हेही तिच्याकडे. आजींना मात्र आपणच तिला फिरवतो असं वाटतं.

जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं. त्यांचे एक नातेवाईक तिथे राहतात. पहाटेपासून फोन सुरू झाले, कोण कुठे अडकलंय, कोणाकडे गाडी आहे. दुपारपर्यंत चार माणसं कोथरूडच्या घरात झोपायला होती. बाबांनी विचारलं, “पूर-नकाशा कुठे मिळतो?” सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. जागा खोलगट आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लेखी सांगणारं कुणी नव्हतं, उचलून आणणारे मात्र बरेच होते. एदोगावात नेमकं उलट. मला विचाराल तर पहिली सोय सरकारकडून मागता येते, दुसरी मागून मिळत नाही. म्हणून पहिलीसाठी पुण्याने जास्त ओरडायला हवं.

आईचा हिशोब सर्वांत गुंतागुंतीचा. जपानी येणाऱ्यांना पुण्यात काम मिळतं, तिलाही घरून करण्याजोगं मिळालं. पोळ्या, भांडी, फरशी यांतून सुटका झाली. पण तीन बायकांच्या वेळा, सुट्ट्या, उचल, दिवाळीची बक्षिसी. सासूबाईंच्या फोडणीची पद्धत. दारावर न सांगता येणारी माणसं. “तिकडे कामं होती, इकडे कामवाल्या आहेत,” असं ती म्हणते. पहिल्या वर्षी तिचं वजन उतरलं आणि बाबांचं वाढलं. वर्षभरानंतर तिने दुपारी दोन ते पाच जवळच्या एका सामायिक ऑफिसात टेबल भाड्याने घेतलं. घरून काम करता येत असताना पैसे घालून बाहेर जायचं, हे आजींना पटायला वेळ लागला.

काय वेगळं करता आलं असतं

जपानी शाळांची उन्हाळी सुट्टी साधारण २० जुलै ते ऑगस्टअखेर. त्या काळात पुण्यात शाळा भरतात. २०२२ किंवा २०२३ च्या सुट्टीत मुलीला महिनाभर कोथरूडच्या शाळेत बसवून, आईने घरून काम करून, बाबांनी सकाळच्या गर्दीत ऑफिस गाठून बघता आलं असतं. अकस्मात प्रसंग आला नसता तरीही. पाहुणा म्हणून काढलेल्या दहा सुट्ट्यांतून जे कळलं नाही, ते एका महिन्यात कळलं असतं, आणि इंग्रजी माध्यमाचा घोळही टळला असता.

आजींना जानेवारीत कळवलं, नोव्हेंबरात विचारलं नाही. सगळ्या पर्यायांत त्या होत्या आणि एकाही चर्चेत नव्हत्या. ज्येष्ठांच्या वसाहतीचा पर्याय तर बाबांनी स्वतःच्या अपराधी भावनेपोटी खोडला. आजींनी मला नंतर सांगितलं की त्या निदान बघून आल्या असत्या. निर्णय कदाचित तोच झाला असता. पण ‘माझ्यासाठी आलात असं सांगू नका’ हे वाक्य त्यांना बोलावं लागलं नसतं.

परवान्याबद्दल एकच. २०१८ मध्ये पेढे वाटण्याआधी, काय मिळतंय यासोबत काय सुटतंय, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. एरवी त्या परवान्याचा फायदाच जास्त. पण ज्यांचे आई-वडील सत्तरीकडे झुकले आहेत त्यांनी दोन्ही बाजू पाहाव्यात.

सध्याची स्थिती

मे २०२५ मध्ये, इकडे शाळेला सुट्टी आणि तिकडे शाळा सुरू, अशा दिवसांत आई मुलीला घेऊन तोक्योला गेली. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी काही आठवडे वर्गात बसायला संमती दिली. मुलगी दुसऱ्याच दिवशी एकटी चालत शाळेत गेली आणि कांजीत मागे पडल्याचं तिला स्वतःलाच कळलं. आता दर शनिवारी ती माझ्याकडे येते.

पुनःप्रवेशाची मुदत मार्च २०२९ पर्यंत. खरी मुदत त्याआधीची आहे: तिच्या वयाची मुलं जपानमध्ये एप्रिल २०२७ ला माध्यमिक शाळेत जातील, आणि जायचंच तर तेव्हा. आईचा कल जाण्याकडे, बाबांचा राहण्याकडे, मुलीचा आठवड्यागणिक बदलतो. तिसरा पर्याय, म्हणजे दोघी तिकडे आणि बाबा इकडे, या वेळी नीट कागदावर मांडला आहे. चौघांचे मंगळवार पुन्हा लिहून झालेत, या खेपेला दोन्हीकडचे, आणि आजींनी आपला कागद स्वतः भरला. त्यांच्या दोन अटी आहेत: जे काही असेल ते दिवाळीच्या आधी सांगायचं, आणि ब्यूरोची बाई यापुढे त्या स्वतः निवडणार.